ओवीतली नावाची जागा

हे खरं आहे. मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हे वाक्य सहज लिहीत नाही.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. मालवण तालुक्यातल्या कट्टा गावाजवळचं आमचं गाव. घडलं तेही भर दुपारी.

शेवंती माझी आत्या. तिचा एकुलता मुलगा सत्यवान मालवणातून ट्रॉलरवर गेला, तो परतला नाही. मृतदेहही मिळाला नाही.

आत्याने त्याच्यावर एक ओवी रचली.

"दर्या रे दर्या, तुझा पोट किती खोल,
माझ्या सत्यवानाचो एक तरी धाड बोल."

लोकगीतांच्या एका संग्रहासाठी मी ती फोनवर रेकॉर्ड केली.

"माझा नाव नको गो प्राजू," आत्या म्हणाली. "पण सत्यवानाचा ऱ्हवाक व्हया. तेका दुसरी जागा खंय आसा?"

संपादक हसले. "मॅडम, ओवीला कधी कवी असतो का? नाव काढा. खाली 'पारंपरिक' टाका."

मी भांडायचं ठरवलं. पुरावा पाठवायचा म्हणून घरी रेकॉर्डिंग लावलं.

कोंबडा आरवला. आत्याने श्वास घेतला. ओवी सुरू झाली…

"माझ्या भिकाजीचो एक तरी धाड बोल."

आवाज आत्याचाच.

फाइल तीच होती. दुसऱ्या फोनवर लावली. कोंबडा त्याच जागी. श्वास त्याच जागी.

नाव… भिकाजी.

मी आत्याकडे जाऊन तिला ते ऐकवलं.

"तुझो फोन खुळो झालो," ती हसली.

मग नाव आलं. हसू थांबलं.

"भिकाजी म्हणजे माझ्या आजयेचो झील. होडी उलाटली नि गेलो." आजीचा मुलगा, तोही दर्यातच गेलेला.

"मगे ही ओवी आजयेन शिकवली तुका?"

"नाय गो. मीच केलंय. हयसर बसान, रडत रडत."

तिने फोन माझ्याकडे सरकवला.

"माका वाटला, ह्या रडणा तरी माझा आसा."

मी तिला ओवी पुन्हा म्हणायला लावली. पहिली ओळ नीट आली. दुसरीवर ती अडली.

"माझ्या…"

परसात एकही कावळा ओरडत नव्हता.

"प्राजू, माझ्या झिलाचा नाव काय गो?"

मी सांगितलं. परक्याचं नाव ऐकावं तशी तिने मान हलवली.

पुस्तक आलं. सत्यवानाच्या जागी 'बाळराजा' आहे. खाली 'पारंपरिक'. आत्या रोज नाव विचारते, मी रोज सांगते.

काल पुन्हा रेकॉर्डिंग लावलं. कोंबडा. श्वास…

"माझ्या सत्यवानाचो…"

अगदी स्पष्ट.

पण आवाज आत्याचा नव्हता.

कुणा म्हातारीचा होता. आणि ती स्वतःच्या मुलासाठी रडावं तशी रडत होती.