टोपलीचा राखणदार

कसाव्याची सालं टाकायला एकोया परसात गेली आणि उकिरड्यावर तिला पणजोबा दिसले.

झाडाच्या सालीच्या विणीची ती टोपली तिच्या ओळखीची होती. आत पणजोबांची कवटी, चार हाडं. टोपलीवर बांधलेला राखणदार मात्र नव्हता. तांब्याचा पत्रा ठोकलेला तो लाकडी चेहरा आत्या नदीच्या वाळूनं घासून लखलखीत ठेवायची; ती चमक बघून वाईटसाईट दुरूनच परतायचं.

टोपली पोटाशी धरून ती अंगणात आली. माबिकाकाका नव्या रेडिओचे कान पिळत होते.

"काका, राखणदार कुठंय?"

"विकला. शहरातून आलेल्या व्यापाऱ्याला. त्याला हाडं नको होती."

"म्हणून उकिरडा? पहारेकरी विकलात आणि ज्याच्यासाठी पहारा, त्याला फेकलंत! तिकडे काचेच्या कपाटात उभा करतील त्याला. वा, काय कारागिरी म्हणतील! कुणाची राखण करायची त्यानं तिथं?"

"लिब्रेव्हिलला शिकायला पाठवलं ते भांडायला का गं?" काका हसले. "मीच बसतो राखणीला. झालं समाधान?"

दाराशी पाखडत बसलेल्या आत्याच्या हातातलं सूप थांबलं. "माबिका... टोपलीसमोर बोललास. शब्द मागे घे."

"घेतो की, जेवल्यावर."

दिवेलागणीला धुकं उतरलं. ओल्या राखेचा वास दाटला. अंगणात रेडिओ एकटाच खरखरत होता. काका टोपलीमागे ताठ बसले होते. कधी जाऊन बसले, कुणी पाहिलं नव्हतं.

"काका, जेवायला चला..."

पापणी लवली नाही. एकोयानं गालाला हात लावला. थंडगार. नख लागलं, तर तांब्याच्या घागरीवर लागावं तसा बारीक नाद आला.

आत्या नदीची ओली वाळू घेऊन आली.

"नाही, आत्या!" एकोया ओरडली. "पणजोबांनी आपल्याच माणसाला बसवलं? आणि तो व्यापारी? तो खुशाल झोपणार?"

आत्यानं वाळू टोपलीपाशी ठेवली.

"मी जाते शहरात. आपला राखणदार घेऊनच येते. काका, ऐकताय ना... तोवर..."

काकांच्या उघड्या डोळ्यातून एक थेंब ओघळला. गालावरच सुकला. तिथं हिरवी रेघ उरली, न घासलेल्या तांब्यावर धरते तशी.