मनस्वीचा परत आलेला चेक

"डोळेच तर काढायचेत, त्यात काय एवढं," चहा ठेवता ठेवता मालकाची बायको अनिता पुटपुटली, तेही माधवरावांच्या कानाशी. अर्धा चहा बशीत आला होता. माधवरावांनी तो मुकाट्याने बशीतूनच प्यायला.

पेणच्या त्या कारखान्यात गणपती रंगून तयार होते, फक्त डोळ्यांवाचून. डोळ्यांची आखणी करणारी मनस्वी पिशवी भरत होती. तिच्या मजुरीचा चेक बँकेतून परत आला होता आणि रोह्याच्या एका कारखान्याचं बोलावणं होतंच.

ती गेली तर सीझन बुडाला. म्हणून मालक आदर्शने वरश्याहून आसावरीबाईंना बोलावलं होतं. त्या खाजगी तपास करत. त्यांचे यजमान माधवराव, निवृत्त मास्तर, सोबत येत आणि नेमाने भलत्यावरच संशय घेत.

खातं ओव्हरड्राफ्टचं. काल कोणीतरी आदर्शच्याच फोनवरून मर्यादेपर्यंतची सगळी रक्कम शाडूवाल्याला पाठवली होती, पुढच्या वर्षाचा आगाऊ म्हणून. फोन गल्ल्यावर पडलेला असे. बँकेचा पिन कारखानाभर ठाऊक.

"फोन उघडतो कसा?" आसावरीबाईंनी आदर्शला विचारलं.

"अंगठ्याने. पण सीझनला माझा घेत नाय. पॉलिश पेपरने रेषाच गेल्यात. अनिता उघडून देते, नायतर मनस्वी."

मनस्वीचं नाव निघताच अनिताने कप खडखडत गोळा केले.

मूर्ती घासणारा काळुराम म्हणाला, त्याचा अंगठा रेशनच्या मशीनलाही लागत नाय, बायकोला धाडतो. मनस्वी एवढंच बोलली, की हातात पैसे पडले तर थांबते.

"हीच ती," माधवराव कुजबुजले. "जायला निमित्त हवं होतं."

आसावरीबाईंनी शाडूवाल्याला फोन लावला आणि मग सगळ्यांना बसवलं.

"निमित्त कशाला? चेक वटवून, पैसे घेऊन गेली असती की. चोर असता तर रक्कम स्वतःकडे वळवली असती. ही मागितली की परत येणारी. शाडूवाला आजच पाठवतोय. म्हणजे पैसे कोणाला नकोच होते, चेक तेवढा परत जायला हवा होता. आदर्शला आणि काळुरामला फोन उघडत नाही. मनस्वी स्वतःच्या पोटावर पाय देणार नाही."

आसावरीबाई अनिताकडे वळल्या.

"व्हय, मीच," अनिता म्हणाली. "ही यायच्या आधी डोळे मीच काढायची. आता गिऱ्हाईक फोनवर विचारतं, डोळे मनस्वीचेच ना? ही गेली असती तर ब्रश माझ्याकडं आला असता."

मनस्वीने पिशवी खाली ठेवली. आदर्श उठून बायकोजवळ बसला.

"अनिता, तुझा हात कापतो गो."