पुलावर थांबलेला

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या घरात घडलंय. तेही मध्यरात्री वगैरे नाही. रविवारी, भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या असताना.

ही ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासते. घरी ती आणि तिचा धाकटा भाऊ बारक्या, दोघंच असायची. मागच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि बारक्या गेला.

मागे राहिल्या त्याच्या गेमच्या डिस्क.

त्यातली एक दोघांची लाडकी. तिच्यावर एक ओरखडा होता. गेममध्ये लाकडी पूल आला की चित्र हमखास अडकायचं. मग बारक्या डिस्क चालवणाऱ्या गेमच्या डब्यावर बोटाने ठोकायचा. टक टक. की पडद्यावरची दोघांची माणसं पुन्हा चालू लागायची.

"ए चष्मेवाली, मला सोडून पुढे पळू नकोस हं!" दर वेळी त्याचं हेच.

डिस्क खराब होऊ लागल्या, तशी ताईच्या जिवाची घालमेल व्हायला लागली. तिने एकेक डिस्क कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. जागा कमी लागावी म्हणून फाइली कॉम्प्रेस केल्या. ओरखड्याची डिस्क मात्र काही केल्या वाचली जाईना. मग तिने ती दुकानात नेली आणि काचेसारखी घासून लख्ख केली.

फाइल तयार झाली. एकही चूक नाही.

त्या रविवारी तिने फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि तो डब्याला लावला. आत डिस्कच नव्हती, त्यामुळे ती फिरण्याची घरघर नाही. घर फारच शांत वाटत होतं...

तिने दोन्ही कंट्रोलर काढले. थोडं आपल्या माणसाला चालवायचं, मग बारक्याच्या. वेडेपणाच, पण एकटीला खेळवेना.

पूल आला.

चित्र अडकलं नाही. तिचा माणूस झरझर पलीकडे गेला.

तिने बारक्याचा कंट्रोलर उचलला...

त्याचा माणूस हलेना. पुलाच्या मधोमध, नेहमीच्या जागी, नुसता उभा.

आणि डब्यातून आवाज आला...

टक टक.

तिने डब्याचा खण उघडला. रिकामा.

तिने प्लग ओढला. पडदा काळा झाला.

टक टक.

"मीच घासून टाकलं गं," ती नंतर मला रडत म्हणाली. "अडकायची जागाच पुसली मी. आणि एकटीच पार झाले."

मी तिची समजूत घातली. मनाचे खेळ म्हटलं.

मागच्या रविवारी तिच्याकडे गेले होते. गेम चालू होता. तिचा माणूस पुलापलीकडे उभा, तोंड मागे, पुलावरच्या बारक्याच्या माणसाकडे वळवलेलं. ताई भाजी निवडत बसलेली. दुसरा कंट्रोलर शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर.

आम्ही बोलत होतो, आणि...

टक टक.

मी स्पष्ट ऐकलं.

ताईने मान वर केली नाही.

"थांबलेय रे," ती म्हणाली. "कुठे जातेय मी?"