पाक हार्दोयोंचं जास्तीचं प्रकरण

कंदिलाची वात जरा कमी करा, उजेड डोळ्यांवर येतोय. हं... आता ऐका, आणि मध्ये हसायचं नाही.

जावातल्या मुंतिलानला माझं पुस्तकं भाड्यानं द्यायचं दुकान आहे. तिथेच आमचं टोळकं जमायचं. एकच जाडजूड कादंबरी, गोल बसून पाळीपाळीनं मोठ्यानं वाचायची. पण आवृत्त्या वेगवेगळ्या. माझी नवी, एका खंडाची. निवृत्त स्टेशनमास्तर पाक कास्दींची दोन खंडांची; आमच्याकडे मानानं पुरुषाला पाक म्हणतात, बाईला बू. आणि पाक हार्दोयोंची सगळ्यांत जुनी, पातळ तपकिरी कागदाची. पानांचे आकडे कुठले जुळायला! म्हणून कुणी कुठून वाचायचं, कुणानंतर कुणाची पाळी, याचा तक्ता करून मी भिंतीवर लावला होता.

हार्दोयो फुशारकी मारायचे, "तुमच्या पुस्तकांत शेवट कापलाय. माझ्यात एक प्रकरण जास्त आहे."

"काय आहे हो त्यात?" त्यांची बायको, बू वुर्यानी, विचारायची.

"पाळी आली की वाचून दाखवीन. आधीच फोडलं तर मजा काय?"

पाळी यायच्या आत माणूसच गेला. हॉस्पिटलात उशाशी ठेवलेलं ते पुस्तकही त्या गडबडीत गहाळ झालं.

बू मात्र येत राहिल्या. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे नवऱ्याच्या खुर्चीपुढे त्याच्या आवडीची काळी कॉफी ठेवायच्या, शेजारी बसायच्या आणि माझ्या दुकानातली प्रत घेऊन वाचायच्या. त्यांच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. ऑपरेशनला जोग्या शहरात चल म्हणून लेक विनवून विनवून थकली. बूंचं एकच, "एवढी कादंबरी संपू दे. ती संपली की माझंही संपलं. मग कशाला ती चिरफाड?"

मग मी काय केलं? गुपचूप तक्ता बदलला. दर बैठकीचा वाटा कमी कमी करत नेला.

कास्दी खेकसले, "पालुपी, अगं वाचतोय की चाटतोय? आमची मालगाडी बरी होती!"

त्यांना काय सांगू? मला शेवट नकोच होता.

पण शेवट आलाच. त्या दुपारी मेरापी डोंगरानं राख ओकली. दिवसाढवळ्या काळोख झाला, वीज गेली. चाळणीतून पीठ पडावं तशी कौलांवर राख पडत होती. आम्ही दारं-खिडक्या लावून कंदील पेटवला. घशात गंधकाचा वास बसला होता.

"आज राहू द्या," मी म्हणाले.

"नाही गं," बू म्हणाल्या. "आजच."

आधी कास्दींनी वाचलं, मग मी. शेवटचा परिच्छेद बूंच्या वाट्याला आला. नायिका तुमिनाह नदीकाठी बसून राहते, नाव काही येत नाही. झालं, संपलं. बूंनी पुस्तक मिटलं. त्यांचा चेहरा अगदी निवांत होता.

"पुढची पाळी कुणाची?" सवयीनं माझ्या तोंडून निघालं. सवयीनंच मी तक्त्याकडे पाहिलं. बूंच्या खाली हार्दोयोंचं नाव तसंच होतं. खोडायला माझा हातच धजला नव्हता...

आधी लवंगेच्या सिगारेटचा वास आला. हार्दोयो गेल्यावर आमच्यात ती कुणीच ओढणारं नव्हतं. मग रिकाम्या खुर्चीकडून पान उलटल्याचा आवाज... पातळ, जुन्या कागदाचा. आणि कुणीतरी घसा खाकरला.

"धुक्यातून नाव आली..." आवाज वाचू लागला.

कास्दींनी माझा दंड असा आवळला की वळ उठले. मी कंदील वर धरला. खुर्चीत कुणी नव्हतं. मी डोळे फाडून पाहिलं, कुणीही नव्हतं.

"अहो..." बू हळूच म्हणाल्या, "जरा सावकाश वाचा ना..."

आणि आवाज सावकाश झाला.

तुमिनाह नावेत चढली. पलीकडे उतरली. तिथल्या बाजारात तिनं टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळायची गाडी टाकली. पहिल्याच दिवशी तेल सांडलं आणि शेजारणीशी जुंपली. बू खुदकन हसल्या. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या हो! आणि ऐन भांडणात आवाज थांबला.

"पुढचं नंतर..."

कंदील फडफडला. वास विरला. बूंनी डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पालुपी, माझ्या लेकीला फोन लाव. म्हणावं, जोग्याला येते. त्या शेजारच्या भवानीला तुमिनाह काय उत्तर देते ते ऐकल्याशिवाय मरते की काय मी!"

ऑपरेशन झालं, छान झालं. आनंदानं मी दुकानात एकटीच रडले.

पण मनाला चैन कुठे? ती जुनी आवृत्ती मी शोधत राहिले आणि सेमारांगच्या एका रद्दीवाल्याकडे ती मिळाली. जास्तीचं प्रकरण खरंच होतं, शब्दन् शब्द तेच. फक्त तुमिनाह नावेत पाय ठेवते तिथेच ते संपतं. खाली 'समाप्त'. बाजार, गाडी, भांडण... छे! कुठेच नाही.

परवा तिन्हीसांजेला हे सांगायला बूंच्या घरी गेले. त्या पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या, गाल चांगले भरलेले.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "रोज ह्या वेळेला थोडं थोडं वाचतात. तुमिनाहनं आता पक्कं दुकान बांधलंय."

"बू... अजून किती उरलंय?"

"मी विचारलं ना. म्हणाले, पुष्कळ आहे, तू नीट जेवत जा."

आतल्या अंधाऱ्या खोलीत कुणीतरी खाकरलं. बूंनी कान दिला, आणि माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा खुलला.

"अगं बाई, आत ये! आज त्यात पुस्तकं भाड्यानं देणारी एक बाई आलीय. हुबेहूब तू!"

"तिचं... तिचं पुढे काय होतं?"

"तिथवर कुठे आलेत ते अजून? बस, वाचतील."

मी चपला काढल्या आणि आत गेले. आपलं पुढे काय होणार ते कुणी वाचत असताना परत फिरायचं कसं, तुम्हीच सांगा...