पाच थेंब

थेंब दिले की नाही?

एवढ्या एका प्रश्नापायी सलग पाच रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तीन महिन्यांच्या बाळाला झटके यायचे. औषधाचे पाच थेंब, दुपारी दोनला आणि रात्री दोनला. चुकले तर झटका. दोनदा गेले तर श्वासच मंदावायचा. लग्नाआधीपासून ती औषधांच्या दुकानात उभी राहून लोकांना बजावत आली होती, "डोस लिहून ठेवा हो, लक्षात राहील या भरवशावर राहू नका." आता निदान आपण तरी कोरडे पाषाण ठरू नये, म्हणून तिने कपाटाच्या दारावर कागद चिकटवला होता. वेळ, थेंब, सही.

नवरा कामासाठी महिनाभर परगावी. रात्रभर ती पाळण्याशी बसून बाळाचं पोट वर-खाली होताना पाहायची. तिने पाहणं थांबवलं तर बाळ श्वास घ्यायचं विसरेल, अशी तिची ठाम समजूत. समजूत वेडगळ आहे हेही तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असून झोप थोडीच येते?

मग जागरण अंगावर यायला लागलं. चष्मा फ्रीजमध्ये सापडला. दुधाचं भांडं हातातून कधी निसटलं, ते फरशीवर आदळल्यावर कळलं. डोळ्याच्या कडेला काहीतरी सरकायचं, वळून पाहिलं की नुसती भिंत.

सहाव्या रात्री, दोनला पाच मिनिटं कमी असताना, तिने बाटली उचलली. झाकण सैल होतं. ड्रॉपर ओला. तिने कागदाकडे पाहिलं.

२.००. पाच थेंब. खाली सही, तिच्याच अक्षरात. बोट फिरवलं तर शाई पसरली. बाळाच्या ओठांना औषधाचा गोडूस वास येत होता…

 तोवर ती पाळण्याजवळच्या खुर्चीतून हललीसुद्धा नव्हती!

पुन्हा थेंब द्यायचा धीर झाला नाही. उजाडेपर्यंत ती बाळाच्या छातीवर हात ठेवून बसली, आणि उजाडताच तिने थोरल्या बहिणीला फोन लावला. ताई नर्स.

"अगं वेडे, डोळे उघडे असले तरी मेंदू मधेच झोपतो," ताई म्हणाली. "चार-दोन मिनिटं कुठे गेली पत्ता लागत नाही. आमच्याकडे रात्रपाळीला एकीने स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधून रक्तदाब लिहून ठेवला होता, पेशंटच्या नावावर! मी येते. तू आधी झोप."

ताई आली. पाळणा बाहेरच्या खोलीतच राहिला. ती आत, चार वर्षांच्या थोरल्या लेकीला कुशीत घेऊन आडवी झाली. "दुपारी दोनला उठव हं, डोस मीच देणार," एवढं बोलली आणि दगडासारखी झोपली.

जाग आली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. ती धडपडत बाहेर आली. "ताई, डोस?"

"दिलास की!" ताई चहा ओतत हसली. "मी उठवायच्या आत तूच उठलीस. स्वयंपाकघरातून पाहिलं ना मी. पाच थेंब मोजलेस, सही केलीस, परत आत. हाक मारली, तर वळूनसुद्धा पाहिलं नाहीस, महाराणी."

"मला… काहीच आठवत नाही."

"झोपेत चालतात माणसं. एवढ्या जागरणावर दुसरं काय होणार?"

सहा दिवसांत पहिल्यांदाच ती मोकळेपणाने हसली. म्हणजे आपणच. भूत नाही, वेड नाही, नुसती थकलेली बाई.

थोरली फरशीवर बसून चित्र रंगवत होती. मान वर न करताच म्हणाली, "मावशी, आई उठलीच नव्हती."

"उठली होती गं राणी. तू झोपली होतीस."

"नाही काही! माझा हात आईच्या पाठीखाली अडकला होता. मुंग्या आल्या. म्हणून मी बाळाजवळच्या आईला हाक मारली."

ताईच्या हातातला चहा बशीत सांडत राहिला.

"मग…?" ती थोरलीसमोर फरशीवर बसली. "मग ती काय म्हणाली?"

थोरलीने ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाली, "शू… तिला उठवू नकोस. ती उठली की मला जावं लागतं."