गाडीत एकीपुरती जागा

खाडीच्या टोकाला असलेल्या त्या एकट्या घरात हिवाळ्यामुळे दुपारी तीनलाच दिवे लागले होते. स्टेनार टेबलावर नकाशा पसरून राजधानीला, रेक्याविकला जायचे बेत आखत होता. खरं तर त्याच्या बायकोला, सोलरूनला, बाळंतपणासाठी तिथल्या इस्पितळाजवळ जाऊन राहायचं होतं, पण स्टेनार पडला हौशी. एवढं जातोच आहोत तर नवा लाव्हा बघू, गरम मातीत पुरून भाजलेला पाव खाऊ, असं त्याचं चाललं होतं.

"येतानाचं मात्र काही ठरवू नकोस," सोलरून म्हणाली.

त्याने नकाशाची घडी घातली. याआधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती. या खेपेला नववा लागत आला, तरी तिने बाळासाठी घरात एक मोजासुद्धा आणू दिला नव्हता.

ती बाकावर जरा आडवी झाली. वारा पडला आणि कुठून तरी गंधकाचा वास येऊ लागला. राजधानीत गरम पाण्याचा नळ सोडला की येतो, अगदी तसा. या खाडीत तर एकही गरम झरा नव्हता, पाणी विजेवर तापायचं. दारात एक म्हातारी उभी होती. तिची शाल राखेने काळी झाली होती.

"गाडीत जागा आहे का गं... एकीपुरती?"

"कोण आपण?"

"गेयरलॉग..."

सोलरून दचकून उठली. दारात कोणी नव्हतं, पण वास होता. स्टेनार नाक मुरडत म्हणाला, पाईप सडला वाटतं.

तिने उन्नुर आत्याला फोन लावून स्वप्न सांगितलं. आत्याच्या माहितीप्रमाणे दोन्ही घराण्यांत गेयरलॉग नावाचं कोणी झालंच नव्हतं. आत्या मात्र खूश झाली.

"अगं वेडे, मेलेलं माणूस पोटुशीच्या स्वप्नात येतं ते आपलं नाव बाळाला ठेव म्हणून सांगायला. जे बाळ जगणारच नाही, त्याच्यासाठी कोण एवढी पायपीट करेल?"

सोलरूनला रडू फुटलं. किती महिन्यांनी तिला मोकळा श्वास घेता आला. येताना तिघं आहोत असं धर, तिने स्टेनारला सांगितलं, आणि पाळणा मागायला लगेच रेक्याविकला ते जिथे उतरणार होते तिथल्या घरमालकिणीला फोन केला.

"मांडलाय की," बाई म्हणाल्या. "सकाळीच तुमच्या आजींचा फोन आला होता. गेयरलॉग ना?"

सोलरूनने विचारलं, "आणखी... काय म्हणाल्या?"

"मी विचारलं, तुमच्यासाठी वेगळी खाट टाकू का? तर म्हणाल्या, नको... मी पाळण्यातच झोपेन."