सिंकखालची चक्की

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी दुपारी मी सिंकमध्ये बर्फाचे दोन ट्रे रिकामे केले, वरून मूठभर जाडं मीठ टाकलं आणि चक्की सुरू केली. सिंकखालच्या या चक्कीत खरकटं दळून नळाच्या पाण्याबरोबर गटारात वाहून जातं. वर्षभर तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. टर्कीच्या जेवणाआधी मात्र ती साफ करावीच लागते, कारण त्या दिवशी ती तुंबली तर पूर्ण विस्कॉन्सिनमध्ये एक प्लंबर मिळत नाही. बर्फाने आतल्या दात्यांवरची चरबी खरवडून निघते. सव्वीस वर्षं मी विमा कंपनीसाठी पाण्याने खराब झालेली घरं तपासली आहेत. पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं, एवढं मला समजतं.

या घरात माझ्या समजण्याला फारशी किंमत नाही. घर लाइलचं. लाइल म्हणजे मार्लिसचा पहिला नवरा. सहा वर्षांपूर्वी हरणांच्या शिकारीला गेला आणि मचाणावर बसल्या बसल्या हृदय बंद पडून गेला. ओ क्लेअर गावातल्या टेकाडावरच्या या घराचं प्रत्येक दार, प्रत्येक फळी त्याने बसवलेली. मार्लिसशी लग्न करून मला तीन वर्षं झाली, पण अंगणातला बर्फ लोटायला गेलो तरी लाइल कुठून सुरुवात करायचा हे आधी ऐकावं लागतं. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्याच्या स्वयंपाकघरात राहून बघावं.

थँक्सगिव्हिंगचं जेवण आजवर मार्लिसच्या मुलीकडे, कर्स्टनकडे व्हायचं. यंदा मीच हट्ट धरून ते इथे आणलं होतं. वर्षातला एक दिवस तरी या घरात माझ्या नावावर व्हावा, एवढीच माझी इच्छा होती.

सिंकखालच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लाइलने काळ्या शाईत लिहून ठेवलं होतं: ‘बर्फ, जाडं मीठ, शेवटी संत्र्याची साल. बटाट्याची सालं कधीही नाही.’ ‘कधीही’खाली दोन रेघा. म्हणून मी मुद्दाम लिंबू चिरलं. आठ फोडी आत ढकलल्या आणि घरघर आवाज संपेपर्यंत उभा राहिलो.

वर वास आला तो संत्र्याचा.

मी वाकून पुन्हा हुंगलं. हातांना लिंबाचा वास होता. चक्कीच्या तोंडातून संत्र्याचा येत होता, साल नुकतीच नखाने सोललेली असावी इतका ताजा. मी फ्रिज बघितला, कचऱ्याचा डबा उपसला. घरात संत्रं नव्हतं.

मार्लिस क्रॅनबेरीची पिशवी घेऊन आत आली आणि थबकली.

“अगदी तोच वास,” ती म्हणाली. “मला वाटलं तू लिंबू आणलं होतंस.”

“लिंबूच घातलं.”

ती हसली. पण माझ्याकडे बघून नाही. सिंककडे बघून.

मग मी स्वतःची समजूत घातली. नळीत जुनं काहीतरी अडकलेलं असणार, बर्फाने ते सुटलं. अहवालात मी असंच लिहिलं असतं.

गुरुवारी सकाळी टर्की ओव्हनमध्ये गेली. बाहेरच्या खोलीत फुटबॉलचा सामना लागला होता आणि मार्लिसचे दोन्ही भाऊ, त्यांच्या बायका, एक भाची, कर्स्टनचा नवरा असे सगळे तिथे जमले होते. मी सहा किलो बटाटे सोलले. सालांचा ढीग मी सिंकमध्येच सारायला लागलो तेव्हा कर्स्टन दारात होती.

“कर्ट, सालं चक्कीत घालताय?”

“चक्की आहेच कशासाठी?”

“बाबाने तुम्हाला घरातून हाकललं असतं,” ती गोड आवाजात म्हणाली.

ती एवढं बोलली नसती तर मी कदाचित अर्धी सालं डब्यात टाकली असती. आता एकूण एक आत ढकलली. चक्कीने दोन आचके दिले, घुमली आणि गप्प झाली. करडं, पिठाळ पाणी सिंकमध्ये काठापर्यंत वर आलं.

कर्स्टन नुसती भुवई वर करून बाहेर गेली. थोड्याच वेळात बाहेर सगळे खदखदून हसले, आणि ते सामन्याला हसले की मला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अशा वेळी चक्कीच्या बुडाला असलेल्या भोकात षटकोनी पाना घालून ती हाताने मागेपुढे फिरवायची असते. पाना आत खिळ्याला टांगलेला असतो. मी टॉर्च दातांत धरून कपाटात शिरलो. खिळा रिकामा होता. पाना भोकात आधीच बसवलेला होता. हात लावला तर तो कोमट लागला.

मार्लिसने बसवला असेल, असं मी ठरवलं. मार्लिसला त्या भोकाची माहिती नाही, हे मला ठाऊक होतं.

एका हाताने मी सांध्यातून गळायला लागलेल्या नळीखाली बादली उचलून धरली, दुसऱ्याने पाना दाबला. तो हलेना. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत वाहत होतं. दोन्ही हात अडकलेले, तोंडात टॉर्च. बाहेर मार्लिसचे करडे लोकरी मोजे आले आणि सिंकपाशी थांबले.

“अजून किती वेळ?” तिने विचारलं.

टॉर्च तोंडात ठेवून काय उत्तर देणार?

“बरं,” ती म्हणाली. “घाई नाही. टर्कीला अजून तासभर आहे.”

मला वाटलं, पाण्याचा आवाज तिने माझा समजला.

मोजे हलले नाहीत. ती ऐकत होती. कोणाचं तरी बोलणं मध्ये न तोडता ऐकावं, तशी.

“काय?” ती हळूच म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाली, “वेडा आहेस. त्याचा कसला हेवा करतोस?”

मी टॉर्चवर दात आणखी आवळले.

“नाही रे,” ती म्हणाली. आवाज इतका मऊ, की मी तिच्या तोंडून तसा कधी ऐकला नव्हता. “त्याची सवय झालीय, एवढंच. माझा माणूस तूच.”

तीन वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. ते माझ्या डोक्याच्या वीतभर वर बोललं गेलं, आणि ते मला बोललेलं नव्हतं.

मी हूं हूं केलं. टॉर्च थुंकून टाकायचा प्रयत्न केला. दात उघडेनात.

मग पाना फिरला.

मी फिरवला नाही. मी त्याला उलटा दाबून धरला होता. माझ्या मुठीत तो सावकाश अर्धा फेरा फिरला, आणि वर सिंकमधलं पाणी घोट घेतल्यासारखं खाली गेलं.

“झालं बघ,” मार्लिस म्हणाली.

मी बाहेर आलो तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. तिने माझ्या गालावरचं पिठाळ पाणी तळव्याने पुसलं आणि कपाळावर ओठ टेकले.

“एवढं मोकळं कधी बोलला नाहीस,” ती म्हणाली. “मनात इतकं होतं तर आधी सांगायचंस ना.”

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. पण तिने माझा हात धरला होता. सांगितलं असतं तर तो सोडून ती सिंकपाशी गेली असती, याची मला खात्री होती.

“हो,” मी म्हणालो. “चुकलंच माझं.”

जेवायला नऊ जण बसलो. टर्की छान झाली होती. बटाट्याच्या भांड्यातून वाफ येत होती. घास घेण्याआधी प्रत्येकाने आपण कशाबद्दल ऋणी आहोत ते सांगायचं, हा या दिवशीचा इथल्या सगळ्या घरांचा रिवाज. कर्स्टनपासून सुरुवात झाली. एकेकाने दोन-दोन वाक्यं बोलून टाकली. शेवटी मी. माझी पाठ स्वयंपाकघराकडे होती.

“या घराबद्दल,” मी म्हणालो. “आणि मार्लिसबद्दल.”

माझं झालं. मी काटा उचलला.

बाकी कोणीच उचलला नाही.

आठही जण मान किंचित खाली घालून बसले होते. कर्स्टन ओठ मिटून हसू आवरत होती. मार्लिसचा हात माझ्या हातात होता आणि तिची मान स्वयंपाकघराकडे कललेली होती. एका माणसाला दोन वाक्यं बोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ गेला.

मग सगळे एकदम हसले.

मीही हसलो. जरा उशिरा. कोणाच्या लक्षात आलं नाही.